कडूकांदाच्या दोन रात्री

अहेरीच्या बसस्टँडसमोर आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाच्या छपराखाली चार बाकडी आणि रस्त्याच्या तोंडाला भट्टी. मागं दोन खोल्या, त्यात अब्बा, अम्मी आणि मी. सकाळ आमच्याकडं आवाजांनी यायची. आधी अब्बांचा खोकला, मग भट्टीतली राख ओढल्याचा खरखराट, मग भामरागडच्या गाडीचं इंजिन सुरूच ठेवून खाली उतरलेला ड्रायव्हर आणि त्याचं रोजचं, "रशीदभाई, चहा झाला का नाई?" झालेला नसायचाच. तो बाकड्यावर बसून राहायचा आणि रिकाम्या गाडीचं इंजिन उगीच धडधडत राहायचं. बारावी होऊन माझं वर्ष उलटलं होतं, पुढं काय ते ठरत नव्हतं, आणि अब्बांची छाती धुरानं पोकळ होत चालली होती. त्यामुळं पोहे भिजवणं, तर्रीला फोडणी देणं, कपबशा विसळणं हे सगळं आपोआप माझ्याकडं सरकलं होतं. कुणी सोपवलं नव्हतं. घरात काम पडलं की ते जवळच्या हाताला चिकटतं, तसं.

आमच्याकडं दोन स्वयंपाक व्हायचे. पुढं विकायचा आणि मागं खायचा. पुढं तर्री-पोहे, आलुबोंडे, मुगाची भजी, दुपारी वरण-भात आणि एक भाजी. त्या काळात गिऱ्हाईक शहराची चव विचारायला लागलं होतं, म्हणून अब्बांनी लाल रश्श्यातलं पनीर ठेवलं होतं. बाजूच्या हातगाडीवर कुणीतरी नूडल्स सुरू केल्या होत्या आणि कॉलेजची पोरं आमची भजी सोडून तिकडं उभी राहायची. मागं मात्र अम्मी जे शिजवायची ते बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायांकडून आलेलं असायचं. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, चिरून, उकळून, पहिलं पाणी फेकून, वाळक्या झिंग्यांसोबत. जंगलातल्या सात्या, म्हणजे अळंबी, निघाल्या की त्यांचा रस्सा; ज्या घरात त्या शिजतात त्या घरात त्या दिवशी मटणाची आठवण होत नाही. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांची चिंच घातलेली भाजी, आणि चिंच कमी पडली की सगळ्यांच्या घशाला खाज. अम्मीचं माहेर सिरोंचाकडचं, तिचा हात तिखटाला सैल. यातलं काही पुढच्या बाकड्यावर विकायला ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. घरचं ते घरचं. त्याची आम्हाला लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता.

एका पावसाळ्यात चंद्रपूरचे एक शेटजी आमच्या हॉटेलात अडकले. त्यांचं तिकडं मोठं रेस्टॉरंट होतं. कुठल्याशा लग्नासाठी ते आमच्या बाजूला आले होते आणि नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झाला. दुपारपर्यंत पुढचं सगळं संपलं, तेव्हा अम्मीनं घरच्यांसाठी केलेले वास्ते त्यांना वाढले. जेवण झाल्यावर ते बराच वेळ हात न धुता बसून राहिले. मग अब्बांना म्हणाले, वाघ पाहायला लोक कुठून कुठून येतात, माझ्याकडं पनीर आणि तंदुरी खाऊन जातात. जंगलाचं काही आहे का विचारतात, तर माझ्याकडं द्यायला काही नाही. हिवाळ्यात ते नवा हॉल सुरू करणार होते. तिथं एक जंगलची थाळी ठेवायची, अब्बांनी ती बसवून द्यायची आणि जमलं तर ते स्वयंपाकघरही सांभाळायचं, असं त्यांनी सुचवलं. माणूस वाईट नव्हता. जे पाहिजे ते सरळ मागत होता. त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस होता, वर धूर ओढून घेणारी चिमणी होती. दुसऱ्या दिवशी अब्बांच्या छातीला तेल चोळताना अम्मी एवढंच म्हणाली, "धूर नाई म्हणते तिथी." अब्बांनी डोळे मिटलेलेच ठेवले. पण ठरलं ते तेव्हाच.

थाळीत काय ठेवायचं हे शोधायला गावोगाव हिंडणं अब्बांच्या छातीला झेपणारं नव्हतं. म्हणून एक शाळेची वही, एक पिशवी आणि अम्मीनं बांधून दिलेल्या पोळ्या घेऊन मी निघू लागले. बाजारात येणाऱ्या बायांना विचारायचं, त्यांच्या गावाला जायचं, पाहायचं, चाखायचं, लिहायचं. सुरुवातीला मजा वाटली. मार्कंड्याच्या बाजूला हिरामणभाऊ नावाचे एक शेतकरी होते, त्यांच्याकडं मी तीनदा गेले. त्यांच्या सगळ्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, नवा, भरघोस येणारा धान. फक्त विहिरीजवळच्या एका लहान बांधीत चिन्नोर, जुना वासाचा धान, घरच्यापुरता. मी त्यांना विचारलं, हा एवढासाच काऊन? ते म्हणाले, "हा लोळते. वारा आला का झोपून जाते. पण बापानं लावला होता, म्हणून लावतो." त्यांच्या बायकोनं मला लाखोळीच्या डाळीचे वडे तळून दिले आणि त्या तांदळाचा भात वाढला. भाताची वाफ उठली आणि ओसरीवर बसलेला त्यांचा म्हातारा सासरा आतून कुणी न बोलावताच उठून जेवायला आला. ताटांचं कसं करतील याची मला थोडी धास्ती होती, मुसलमानाची पोरगी म्हणून. पण त्या दिवशी सगळ्यांनाच पळसाच्या पत्रावळी होत्या, त्यामुळं तो प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही.

कडूकांद, म्हणजे जंगलातला एक कंद, मला दाखवला तो जैनीबाईनं. जैनीबाई माडिया आदिवासी, तिचं गाव भामरागडच्या रस्त्यावरून आत, गाडीतून उतरून तासभर चालत. साठीच्या पुढची असेल. नवरा गेलेला, मुलगी दुसऱ्या गावात दिलेली. दर बाजाराला ती अहेरीला यायची, कधी सात्या, कधी चारोळी, कधी चिंच, आणि हिवाळ्यात शिजवून पिळून ठेवलेल्या कांदाच्या पांढऱ्या चकत्या. अम्मी तिच्याकडूनच घ्यायची. मराठी तिला कामापुरती यायची, मला तिची भाषा त्याहून कमी. पण आमचं अडलं नाही. लाल मुंग्यांची चटणी तिनं माझ्यासमोर वाटली. मी म्हटलं, बाई, आमच्यात चालत नाही. तिनं मान हलवली, मला जाव्याची वाटी दिली, म्हणजे तांदळाच्या कण्यांची आंबूस पेज, आणि चटणी स्वतः खाल्ली. मी ती फक्त वहीत लिहून घेतली.

कडूकांद जमिनीतून निघतो तेव्हा विष असतो. तिनं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि नंतर प्रत्येक वेळी सांगितलं. कांद सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायचा, ते पाणी लांब फेकायचं, जिथं कोंबड्या येत नाहीत अशा ठिकाणी. मग चकत्या बांबूच्या टोपलीत भरून वाहत्या नाल्यात दगडाखाली ठेवायच्या. एक रात्र झाली की बाहेर काढायच्या, हातानं चोळून धुवायच्या, पुन्हा ठेवायच्या. दुसरी रात्र झाली की एक चकती जिभेवर ठेवून बसायचं. बिडी ओढून होईपर्यंत बसायचं, असं तिचं माप. जीभ गप्प राहिली तर खायचं. "घाई नाई कराची," ती म्हणायची. "पाणी आपलं काम करते. आपण बसाचं." अब्बांनी पहिल्यांदा तो कांद चिंच-मोहरीत घोळवून केला तेव्हा ते स्वतःच चकित झाले. चव अशी काही नसते त्याला, पण जो मसाला द्याल तो तो स्वतःचा करून घेतो. थाळीतला मुख्य पदार्थ हाच, असं त्यांनी शेटजींना स्टँडवरच्या फोनवरून कळवलं.

आता माझा मुलगा मला नागपूरच्या एका मॉलमध्ये घेऊन जातो, तिथं कोदो-कुटकीसारखी भरडधान्यं रंगीत पुड्यांतून विकायला असतात, आणि पुडीवर जंगलाचं चित्र असतं. तो विचारतो, अम्मी, तुम्ही हे सगळं शोधत फिरायच्या ना? मी हो म्हणते. फिरण्याबद्दल मी सांगते. थकण्याबद्दल सांगायला मला अजून नीट शब्द मिळालेले नाहीत. पहाटे हॉटेलचं काम, मग गाडी, मग चालणं. वाटेत पोलीस दोनदा उतरवून पिशव्या तपासणार, कांदाचं पोतं रस्त्यावर ओतायला लावणार, मी ते पुन्हा भरणार. संध्याकाळी परत, पुन्हा भांडी. पाऊस संपला, दिवाळी गेली, थंडी पडली. हळूहळू मला गावं वेगळी दिसेनाशी झाली. कुठल्या गावात काय खाल्लं ते वही पाहिल्याशिवाय आठवेना. लोक प्रेमानं वाढायचे आणि मला वाटायचं, एक दिवस कुणीही मला काही खायला देऊ नये, काही सांगू नये. अब्बांची नवी जागा, अम्मीचा उजळलेला चेहरा, सगळं माझ्या पायांवर चाललंय हे मला कळत होतं. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.

हॉल सुरू व्हायला चार दिवस होते. मी जैनीबाईकडं पोचले तेव्हा तिनं तीन टोपल्या कांद उकळून नाल्यात ठेवायला काढला होता. आम्ही दोघींनी तो ठेवला. संध्याकाळी तिच्या भावाच्या गावाहून माणूस आला. भाऊ गेला होता. ती लगेच निघाली. निघताना मला म्हणाली, "सकाळी धुवाचं. मंग परत ठेवाचं. परवा न्याचं." मी हो म्हटलं. तिनं तिचं घोंगडं मला दिलं आणि ती त्या माणसामागून चालत गेली.

सकाळी मी नाल्यावर गेले. अंगात कणकण होती. पाण्यात हात घातला तर बोटं लाकडाची झाली. एक टोपली मी चोळून धुतली. दुसरी अर्धीच झाली. तिसरीला हात लावला नाही. काठावर बसले आणि माझ्या मनात आलं की गाडी दिवसातून एकच आहे, आत्ता निघाले तर मिळेल, आणि आज मी माझ्या घरी, माझ्या गोधडीत असेन. अजून तीन दिवस हातात होते. घाई कुणाचीच नव्हती. लोकांना पुढं मी कधी सांगितलं की शेटजींचा तगादा होता, कधी सांगितलं की पोलिसांनी रस्ता बंद करणार म्हटलं होतं. तसलं काही नव्हतं. मला घरी जाऊन पडायचं होतं. मी एक चकती जिभेवर ठेवली. जराशी चुणचुण झाली. राखेची असेल, असं मी मला सांगितलं, टोपल्या पोत्यात उपड्या केल्या आणि रस्त्याकडं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी अब्बा आणि मी चंद्रपूरला गेलो. ते स्वयंपाकघर मी तेव्हाच पाहिलं. पांढऱ्या फरशा, ओळीनं गॅस, आणि वर खरंच ती चिमणी. अब्बा तिच्याखाली जाऊन उभे राहिले, वर पाहिलं, आणि मी खूप दिवसांनी त्यांना खोकल्याशिवाय लांब श्वास घेताना पाहिलं. नमुना म्हणून त्यांनी एक मोठी कढई कांद केला. आचारी सगळं आधी स्वतः चाखतो, तसं त्यांनी चाखलं. तंदूरवाला शंकर शेजारी उभा होता, त्यानं वाटी भरून घेतली. मी पलीकडं तांदूळ निवडत होते. अब्बा दोन घास खाऊन थांबले. त्यांनी घशाला हात लावला, शंकरच्या हातातली वाटी हिसकावली आणि कढई मोरीत उपडी केली. शंकरनं तोवर वाटी जवळजवळ संपवली होती. तो आधी हसला, तोंड जळतंय म्हणाला, पाणी प्यायला, आणि अर्ध्या तासात उलट्या करत फरशीवर आडवा झाला. त्याचे हातपाय वाकडे होऊन थरथरायला लागले, तेव्हा शेटजींनी स्वतःच्या गाडीत दोघांना दवाखान्यात नेलं.

शंकर दोन दिवस शुद्धीवर नीट नव्हता. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन दारात उभी असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहायची. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तेव्हा शेटजी म्हणाले, जंगलातला कंद, तिकडच्या एका बाईनं दिला, तिनं विषच दिलं म्हणा ना. ते रागानं नाही बोलले. त्यांना तसंच वाटत होतं. मी तिथंच उभी होते. अब्बा खाटेवर होते, उलट्यांनी त्यांचा आवाज बसला होता. शेटजी बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"शमीम," ते म्हणाले, "किती रात्री होता तो पाण्यात?"

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तोंड भिंतीकडं वळवलं. तिसऱ्या दिवशी शंकर उठून बसला, चहा मागितला. त्याच्या बायकोनं मलाही हात जोडले, मी तिथं सेवेला थांबले होते म्हणून. ते जोडलेले हात मला अजून दिसतात.

हॉल ठरल्या दिवशी सुरू झाला. थाळीही ठेवली गेली, वाळवलेल्या वास्त्यांची, दुसऱ्या कुणीतरी बसवलेली. अब्बांना पुन्हा बोलावणं आलं नाही आणि अब्बांनीही विचारलं नाही. ते अहेरीला परत येऊन भट्टीपुढं बसले. अम्मी चिमणीचं काही बोलली नाही. फक्त अब्बांच्या छातीला तेल चोळायची तेव्हा तिचे हात पहिल्यासारखे चालायचे नाहीत, मधेच थांबायचे.

आमच्या आधी बातमी अहेरीत पोचली होती. ड्रायव्हर-कंडक्टरांनी ती आणली असेल, आणि येताना ती वाढली होती. दोन माणसं मेली, असंही कुणी म्हणत होतं, आणि कांद कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. त्या बाजाराला जैनीबाई नेहमीच्या जागी बसली. मी हॉटेलाच्या पडद्याआडून पाहत होते. बाया यायच्या, तिच्या टोपलीकडं पाहायच्या आणि दोन पावलं बाजूला होऊन पुढच्या बाईकडं जायच्या. कांद तर नाहीच, तिच्या चिंचेलाही कुणी हात लावला नाही. अम्मीही दुसऱ्या बाईकडून चिंच घेऊन आली. संध्याकाळी जैनीबाईनं भरलेली टोपली डोक्यावर घेतली आणि स्टँडवर आली. आमच्या हॉटेलासमोर ती क्षणभर थांबली, अब्बांची तब्येत विचारायला असेल. अम्मी आत निघून गेली, तेव्हा तीही गाडीकडं वळली. पुढच्या बाजारालाही तसंच. तिसऱ्या बाजाराला ती आलीच नाही.

मी त्या दिवशी अब्बांना सांगितलं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं, ते भट्टीजवळ स्टुलावर बसले होते. एकच रात्र होता, मी म्हटलं. नीट धुतलाही नव्हता. जीभ चुणचुणली होती तरी आणला. मला वाटलं होतं ते मारतील किंवा रडतील. ते सांडशीनं निखारे सारत राहिले.

"मले पहिल्या घासालेच समजलं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हापासून कायमचा बसला होता. "जैनीबाईचा कांद मी पंधरा वर्षं खाऊन राह्यलो."

"मग तुम्ही बोलले काऊन नाई?"

"मी बोलून काय होते? ज्याचं नाव खराब झालं त्याले सांग."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं गेले. जैनीबाई अंगणात मोह निवडत होती, मागच्या उन्हाळ्याचा. तिनं मला बसायला खाट दिली. मी खाली बसले आणि सांगितलं. तिला सगळं कळावं म्हणून दोनदा सांगितलं, साध्या शब्दांत, हातांनी दाखवत. टोपली, एक रात्र, गाडी. मला झोप पाहिजे होती, हेही सांगितलं. शंकर कसा पडला ते सांगितलं. ती मोह निवडत होती ते हात थांबले नाहीत. मग तिनं विचारलं, "तो माणूस जिता हाय?"

"आहे."

"तुझा बाप?"

"आहे."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "थकली होती त सांगाचं होतं, पोरी. निरोप देती. मी भावाले माती देऊन आली असती न. मी बसली असती नाल्यावर."

मला वाटतं तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसले नसते. मी म्हटलं, पुढच्या बाजाराला या, मी सोबत बसते. तिनं मला जाव्याची वाटी दिली. मी निघाले तेव्हा ती कुदळ घेऊन जंगलाकडं गेली होती.

बाजाराच्या दिवशी ती आली. एकच टोपली घेऊन. मी हॉटेल सोडून तिच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसले. अहेरीत मला सगळेच ओळखत होते, रशीदभाईंची पोरगी म्हणून, त्यामुळं बाया थांबायच्या. तू इथी काऊन बसली, विचारायच्या. मी सांगायची. कांदात दोष नव्हता, मी कच्चा नेला, एकच रात्र ठेवून. या बाईनं दोन रात्री सांगितल्या होत्या. पहिल्या वेळेला तोंडातून शब्द निघेना. दहाव्या वेळेला तो पाठ केल्यासारखा निघायला लागला आणि त्याचीच मला लाज वाटली. काहींनी चिंच घेतली. कांद कुणी घेतला नाही. एक म्हातारी म्हणाली, खरं बोलली त बरं केलं, पण घरात लेकरं हायेत बाई, मन नाई होत. जैनीबाई तिला म्हणाली, राहू दे. तिचा कांदाचा धंदा पुढंही पहिल्यासारखा कधीच झाला नाही, हे मी इथंच सांगून टाकते. खरं सांगितलं की सगळं जागेवर येतं असं मला कुणीतरी लहानपणी शिकवलं होतं. ते तसं होत नाही.

दुपार उतरायला लागली तेव्हा अम्मी पिशवी घेऊन बाजारात आली. तिला काहीच माहीत नव्हतं. अब्बांनी सांगितलं नव्हतं, आणि मी तर तिच्यापासून तोंड चुकवत होते. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मला पाहिलं, जैनीबाईला पाहिलं आणि विचारलं, "हे काय करून राह्यली?"

सकाळपासून मी ते पंचवीसदा तरी बोलले होते. अम्मीसमोर ते वाक्य मला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं. मी सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही. डोळे माझ्यावरून हलले, भट्टीच्या बाजूला गेले, जिथून अब्बांचा खोकला इथवर ऐकू येत होता, आणि परत आले. मग ती टोपलीसमोर उकिडवी बसली. जैनीबाईला विचारलं, "बाई, दोन रात्रीचा आहे न?"

"दोन," जैनीबाई म्हणाली.

अम्मीनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. जैनीबाईनं ओंजळी भरभरून कांद घातला. अम्मी उठली आणि मला म्हणाली, "चल."

घरी तिनं तो चिंच-मोहरीत केला, तिच्या हाताचं तिखट घालून. दारं उघडी होती, बाजारातून परतणारी माणसं समोरून जात होती. आमच्याकडं पहिलं ताट नेहमी अब्बांचं असायचं. त्या दिवशी तिनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि अब्बांचं ताट रिकामंच राहू दिलं.

"आधी तू खाय," ती म्हणाली.

मी खाल्ला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. अब्बाही थांबले होते. मी एक घास गिळला, मग दुसरा, आणि ताट पुसून घेतलं. एक बिडी ओढून होईल एवढा वेळ कुणी हललं नाही. मग अम्मीनं पळी उचलली, अब्बांना वाढलं, आणि स्वतःचं ताट ओढून घेतलं.